कोणत्या अधिकाऱ्याचं आहे हे?

प्रति,
मा. अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण,
आणि मा. प्रमुख, नौदलाचा पश्चिम विभाग, मुंबई

स. न. वि. वि.

माझगावच्या आमच्या घरात दारामागे चार फुटांची एक सागवानी फळी उभी असते. तिच्यावर दोराचे चोवीस तुकडे खिळ्यांनी बसवले आहेत, प्रत्येकाची गाठ निराळी. खाली पांढऱ्या रंगात इंग्रजी नावं आहेत: बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड वगैरे. नावं दुसऱ्या कोणी तरी रंगवली. गाठी माझ्या वडिलांच्या. बाबा चौथी पास होते, तेही गुहागर तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत. इंग्रजी अक्षरं त्यांना चित्रासारखी दिसायची. पण 1946 सालापासून 1972 सालापर्यंत, म्हणजे जहाज बंद होईपर्यंत, 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर आलेल्या पोरांच्या हातात पहिला दोर द्यायला ते उभे असत. हुद्दा तांडेल. कॅडेट त्यांना 'टिंडल' म्हणायचे आणि ते 'ओ' द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी ही फळी, त्यांची पितळी शिट्टी आणि त्याआधी बोटीवर केलेल्या दोन फेऱ्यांची नल्ली, म्हणजे खलाशाची नोंदवही, असं सगळं घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, फळी उलटसुलट करून मनापासून बघितली. मग म्हणाले, "छान आहे हो. कोणत्या अधिकाऱ्याचं आहे हे?" मी म्हटलं, अधिकाऱ्याचं नाही, अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्याचं आहे. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. रकाना होता, 'अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा'. त्यात काय लिहावं हे त्यांनाही कळेना, मलाही. फळी टॅक्सीच्या खिडकीतून निम्मी बाहेर काढून परत घरी आणली.

हे पत्र त्या रकान्याबद्दल आहे.

मुंबईत जहाजी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहास सांगणारं एक संग्रहालय असावं, ते पूर्व किनाऱ्यावर तुमच्या दोघांच्या जागेत असावं, आणि ते नुसतं गणवेश-तलवारी-तैलचित्रांचं नसावं, अशी माझी मागणी आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. शिकवणं कसं होतं, कोण कोणाला शिकवतं, हे आयुष्यभर जवळून पाहिलं आहे. त्या नात्यानं लिहिते.

आधी थोडा हिशेब मांडते. ईस्ट इंडिया कंपनीनं सुरतेला आपली जहाजं लढाईसाठी ठेवली ती 1612 साली. ते दल 1686 साली मुंबईला आलं आणि बॉम्बे मरीन झालं. पुढे त्याची नावं बदलत गेली: इंडियन नेव्ही, पुन्हा बॉम्बे मरीन, रॉयल इंडियन मरीन, आणि 2 ऑक्टोबर 1934 पासून रॉयल इंडियन नेव्ही. या सगळ्या काळात शिडं ओढणारे, वल्ही मारणारे, भट्टीत कोळसा टाकणारे हात आपल्याकडचे होते, त्यात कोकणातले किती तरी. पण कमिशन मिळालेला पहिला भारतीय अधिकारी केव्हा झाला? 1928 साली. डी. एन. मुखर्जी, इंजिनीअर शाखेत. 1612 ते 1928 म्हणजे 316 वर्षं. कुठल्याही संग्रहालयाच्या दारात एवढे दोन आकडे नुसते शेजारी शेजारी लावले तरी पुरे.

'डफरिन' त्याच सुमारास आली. 1922 साली शिवस्वामी अय्यर यांनी कायदेमंडळात भारतीय व्यापारी नौकानयनाचा ठराव मांडला, त्यातून कॅप्टन हेडलॅम यांची समिती नेमली गेली, आणि समितीनं मुंबईत प्रशिक्षण जहाज असावं अशी शिफारस केली. 1904 साली बांधलेलं, सैनिक वाहून नेणारं 'डफरिन' त्या कामाला काढलं. डिसेंबर 1927 मध्ये पहिली तुकडी माझगावसमोर नांगरलेल्या त्या जहाजावर चढली. तिच्यातले एक रामदास कटारी. हेच कटारी पुढे दुसऱ्या महायुद्धात नौदलात आले आणि 22 एप्रिल 1958 रोजी भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षं त्या खुर्चीवर इंग्रज अधिकारीच बसत होते, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी नव्हतं. 1987 साली नौदलप्रमुख झालेले जयंत नाडकर्णीही डफरिनचेच.

म्हणून कोणी म्हणालं की बाई, तुम्ही नौदल आणि व्यापारी जहाजं यांची गल्लत करताय, तर मी म्हणेन की ही गल्लत मुंबईनंच केलेली आहे. डफरिन होती व्यापारी जहाजांसाठी, आणि तिनं नौदलप्रमुख दिले. म्हणूनच पत्र तुम्हा दोघांनाही आहे. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवू नये एवढीच विनंती.

डफरिननंतर 'राजेंद्र' आली, ती 1993 पर्यंत. मग जहाज संपलं आणि नवी मुंबईत करावेला जमिनीवर 'चाणक्य' हे प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. नौदलाचं शिक्षण तर स्वातंत्र्यानंतर फार फिरलं. आधी पोरं इंग्लंडला डार्टमाउथला जायची. 1949 साली देहरादूनला तिन्ही दलांची एकत्र सोय झाली, 1955 साली ती खडकवासल्याला आली. घाटावर, धरणाच्या पाण्यात शिडाच्या होड्या चालवायला शिकलेली मुलं पुढे समुद्रावर गेली, मला याची नेहमी गंमत वाटते. मग कोची, मग गोवा, आणि 2009 पासून केरळात एळीमला. लोणावळ्याला नौदलाचं 'शिवाजी' केंद्र 1945 पासून इंजिनिअर घडवतंय, मालाडला मार्वेच्या किनाऱ्यावर 'हमला' हा तळ आहे. या सगळ्या संस्थांच्या आवारात आपापल्या आठवणी जपलेल्या असतीलच. पण ती चालती कॉलेजं आणि तळ आहेत. माझ्यासारख्या बाईनं चौथीची पोरं घेऊन आत शिरावं अशी ती ठिकाणं नाहीत, आणि नसावीतही.

आता जहाजाबद्दल. जहाज मागत नाही, हे आधीच सांगते. जुन्या विमानवाहू 'विक्रांत'चं काय झालं ते आम्ही दारातच पाहिलं. 1997 साली निवृत्त झाली, 2001 ते 2012 तरंगतं संग्रहालय होती. मी माझा एक वर्ग तिथे नेला होता. पोरं विमानांखाली उभी राहून फोटो काढून आली, आणि परतताना एका मुलीनं विचारलं, "बाई, पण हे चालवायला शिकवतात कुठे?" मला नीट उत्तर देता आलं नाही. 2014 साली तीच विक्रांत 'दारूखाना' नावाच्या जहाजं तोडायच्या धक्क्यावर आणली. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लोखंडी बोट खाऱ्या पाण्यात सांभाळणं किती खर्चाचं असतं ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हा बोट नको. तुमच्या ताब्यातलं एखादं जुनं गोदाम द्या, ज्याच्या दारातून पाणी दिसतं असं.

सांभाळायचं मनावर घेतलं तर काय होतं तेही बघा, आणि नेमकं आपल्याच लाकडाचं. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात 'ट्रिंकोमाली' बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्लंडमध्ये पोरांना जहाजी काम शिकवायला काढली, ती 1986 पर्यंत शिकवत राहिली. आज हार्टलपूलच्या बंदरात ती पाण्यावर उभी आहे, तिकीट काढून बघता येते. 1815 सालची 'वेलस्ली' मुंबईचीच. तीही प्रशिक्षण जहाज झाली, आणि 1940 साली जर्मन बॉम्बनं बुडाली. 1821 सालची 'गँजेस'सुद्धा मुंबईचीच. तिच्यावर पोरं शिकली, आणि जहाज संपल्यावर तिचं नाव एका मोठ्या प्रशिक्षण तळाला राहिलं. या जहाजांवर अधिकारी नव्हेत, साधे खलाशी तयार व्हायचे. इंग्रजांनी तेही जपलंय. अधिकाऱ्यांची शाळाही आधी जहाजावरच होती. 'ब्रिटानिया' नावाचं जुनं लाकडी जहाज 1863 साली डार्ट नदीत आणून नांगरलं, शेजारी 'हिंदोस्तान' नावाचं दुसरं आणलं, आणि 1905 साली वर टेकडीवर कॉलेजची इमारत झाली तेव्हा कुठे पोरं जमिनीवर झोपायला लागली. आमच्या डफरिनचं आणि त्यांचं गणित एकच होतं.

मग मुंबईच्या गोदामात काय असावं? सगळं सांगायला बसत नाही, ते जाणकार ठरवतील. तीन गोष्टींचा मात्र आग्रह धरते.

एक म्हणजे तिथे हाताला काम असावं. काचेआडचा सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजायचं यंत्र, नुसतं बघून कोणाला काही कळत नाही. मी शाळेच्या गच्चीवर एक प्रयोग करायची. 21 मार्चच्या सुमारास एक मीटरची काठी उभी रोवायची आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. पोरांना वाटायचं बारा वाजता सावली सर्वांत आखूड होईल. ती होते पाऊण वाजता. कारण आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, आणि सूर्य मुंबईवर येतो त्यानंतर 39 मिनिटांनी. मार्चमध्ये आणखी सात मिनिटं मागे. याच 39 मिनिटांसाठी मुंबईनं 1955 पर्यंत आपली वेगळी वेळ हट्टानं चालवली होती. त्या पाऊण वाजताची सावली 34 सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे सूर्य क्षितिजापासून 71 अंशांवर. 90 मधून 71 गेले, उरले 19. हा मुंबईचा अक्षांश, जवळजवळ बरोबर. पाचवीतली मुलगी काठी आणि खडू घेऊन सांगू शकते की मी पृथ्वीवर कुठे उभी आहे. जहाजावरचा अधिकारी भर समुद्रात दुपारी हेच करायचा, फक्त त्याच्या हातात सेक्स्टंट असायचा आणि इतर दिवसांसाठी सूर्याच्या क्रांतीचं, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला सरकलाय त्याचं, कोष्टक. गोदामाच्या दारात एक काठी रोवून द्या, बस. मार्च महिन्यात आम्ही पोरं घेऊन येऊ.

दुसरं म्हणजे भाषा. गोदीत क्रेनवाल्याला खालून हात करून ओरडतात ते शब्द तुमच्यापैकी ज्यांनी धक्क्यावर काम केलंय त्यांच्या कानात असतील: 'हाबेस' म्हणजे उचल, 'आरिया' म्हणजे सोड. आरिया पोर्तुगीजांकडून आलाय. सारंग, तांडेल, सुकाणी, कसब, भंडारी, टोपाज, आगवाला, तेलवाला, ही सगळी बोटीवरची नोकरीची नावं. अरबी, फारसी, पोर्तुगीज, कोकणी यांची ही खिचडी बोली म्हणजे 'लस्करी', लस्करांची म्हणजे खलाशांची बोली, आणि ती साहेबाला शिकावी लागत होती. इतकी की 1811 साली थॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं कोलकात्यात इंग्रजी-हिंदुस्तानी जहाजी शब्दांचा कोशच छापला. वादळात शिडं उतरवायची असतील तर खलाशाला कळेल असा हुकूम अधिकाऱ्याच्या तोंडी हवा ना! अधिकाऱ्याच्या शिक्षणातला हा पाठ खलाशानं दिलेला आहे, आणि त्याचा पुरावा छापील आहे.

बाबा हे असंच शिकवायचे. घरात कपडे वाळत घालायच्या दोरीवर मला त्यांनी बोलाइन शिकवली, ओढली तरी न आवळणारा फासा. "बघायचं नाही," म्हणायचे, "रात्री कोण दिवा धरणार तुला?" डोळे मिटून गाठ येईपर्यंत जेवायला वाढायचे नाहीत. आई चिडायची. जहाजावर पोरांना जेवणाची धमकी त्यांना देता येत नसे, तिथे ते नुसतं एकदा बांधून दाखवायचे आणि सोडायचे. परत दाखवायचे नाहीत. पंजाबातून, मद्रासेतून आलेली, समुद्र पहिल्यांदाच बघणारी पंधरा-सोळा वर्षांची पोरं. एखाद्याला होडीत बसल्या बसल्या उलट्या व्हायच्या. बाबा त्याला वल्ह्यावरून उठवत नसत. क्षितिजाकडे बघ म्हणायचे आणि खिशातले सुके कुरमुरे द्यायचे. त्यातला एक जण वीस-बावीस वर्षांनी कॅप्टन होऊन आमच्या खोलीत आला होता. बिस्किटांचा मोठा डबा आणला होता. बाबांनी त्याला पहिला प्रश्न केला, "अजून बोट लागते का?" तो म्हणाला, "लागते, टिंडल. फक्त कोणाला कळत नाही."

हा माणूस तुमच्या रकान्यात बसत नाही. जहाजावर इंग्रज आणि नंतर भारतीय कॅप्टन-सुपरिंटेंडेंट होते, गणित शिकवणारे मास्तर होते, त्यांची नावं फलकांवर आहेत आणि असायलाच हवीत. त्यांच्या शेजारी आणखी एक फलक हवा, होडीवाल्यांचा, भंडाऱ्यांचा, बिगुल वाजवणाऱ्यांचा. पगारपत्रकं कुठे तरी कपाटात पडलेली असतील. नावं त्यात सापडतील.

तिसरी गोष्ट सांगायला जरा अवघड आहे, पण ती वगळून हे संग्रहालय करू नये. 18 फेब्रुवारी 1946. कुलाब्याचं 'तलवार' ही सिग्नल शिकवणारी शाळाच होती, तिथे शिकणाऱ्या आणि काम करणाऱ्या नौसैनिकांनी सकाळचं जेवण नाकारलं. अन्न वाईट होतं, खरं. पण त्याआधी त्यांचे कमांडर किंग यांनी त्यांना ज्या शिव्या घातल्या त्यांची आग जास्त होती. पाच दिवसांत उठाव मुंबईहून कराचीपर्यंत पोचला, कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. कुलाब्याला त्याचं स्मारक आहे. आपण ते स्वातंत्र्यलढ्यातलं पान म्हणून वाचतो, ते आहेच. पण अधिकारी-प्रशिक्षणाच्या इतिहासातलंही ते पान आहे. हाताखालच्या माणसाशी कसं बोलायचं हे ज्याला शिकवलं गेलं नाही असा एक अधिकारी काय करू शकतो, याचा इतका मोठा धडा दुसरा नाही. बाबा तेव्हा नोकरीला लागून दीड महिना झाला होता. त्या आठवड्यात घरी पोचायला तीन दिवस लागले, एवढंच ते सांगायचे. पुढे काही विचारलं तर शिट्टी पुसायला घ्यायचे. तिथे एक वेगळी खोली ठेवा. रागावून काही मांडायची गरज नाही. त्या दिवशीची ताटं, त्या दिवशीचे शब्द, आणि नौदलाच्या अधिकाऱ्याला आज माणसं सांभाळायला काय शिकवतात ते शेजारी.

आणखी एक, कंसात टाकावं असं. मला डफरिनवर जायला मिळालं ते दोनदा, दोन्ही वेळा समारंभात, फ्रॉक घालून. रोज जहाज दिसायचं ते भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेतून, संध्याकाळी दिव्यांची ओळ लागली की. मुलींनी तिथे शिकण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मला तेव्हा त्याचं वाईटही वाटलं नाही, इतकं ते ठरलेलं होतं. नौदलानं 1992 पासून मुलींना अधिकारी म्हणून घेतलं, खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी 2025 साली बाहेर पडली. माझ्या नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "एवढा उशीर का?" तिला दाखवायला काही तरी हवं.

पैशाचं म्हणाल तर लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभं राहतंय, निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' उतरवण्याचं काम हाती घेतलं गेलं, म्हणजे पैसे नाहीत असं नाही. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या बुजवल्या तेव्हा कोणी मुंबईकराला विचारलं नव्हतं. पूर्व किनाऱ्याचं पुढे काय करायचं याचे आराखडे होत असताना मात्र आम्ही विचारतोय. बॅलार्ड बंदराचं गेटहाउस दुरुस्त करून तिथे छोटं सागरी संग्रहालय केलं तसं अजून एक करता येईल. त्या वास्तूत उभं राहून मला फार बरं वाटतं, फक्त तिथे शिकवणाऱ्यांना जागा नाही.

तुमच्याकडून दोन गोष्टी लेखी कळाव्यात. माझगाव ते 'हे बंदर' नावाचा धक्का या पट्ट्यात अशा कामाला देता येईल अशी जागा आहे की नाही. आणि असेल तर वस्तू स्वीकारण्याच्या नमुन्यात 'अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा' याच्या जागी नुसतं 'नाव व काम' असं छापता येईल का. दुसरं उत्तर पहिल्याआधी आलं तरी चालेल, त्याला गोदाम लागत नाही.

फळीवरच्या सतराव्या आणि एकविसाव्या गाठीचा दोर कुजलाय. मी भाऊच्या धक्क्यावरून तसाच मनिला दोर आणून ठेवला आहे. सतरावी मला येते. एकविसावी येत नाही. डफरिनवर शिकलेल्यांपैकी कोणाला येत असेल तर त्यांनी माझगावला यावं, खिळे काढायच्या आधी मला ती बांधून दाखवावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, माझगाव